श्रीलंकेचे पाहुणे आणि घरची शांतता

२०२५ साल संपता संपता श्रीलंकेने स्वतःचाच एक जुना विक्रम मागे टाकला. त्या वर्षात २३ लाख ६२ हजारांहून अधिक परदेशी पाहुणे या बेटावर उतरले. यापूर्वीचा उच्चांक २०१८ सालचा, २३ लाख ३३ हजारांचा होता. कोलंबोतील राज्यकर्त्यांना या आकड्याचे समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, याच देशात पेट्रोलसाठी माणसे रात्रंदिवस रांगेत उभी होती. परकीय कर्जाची फेड आपल्याच्याने होत नाही, असे सरकारला जगापुढे कबूल करावे लागले होते. संतप्त जमावाने अध्यक्षांच्या निवासस्थानाचा ताबा घेतला आणि अध्यक्षांना देशाबाहेर पळ काढावा लागला. अशा देशाकडे जगाची पावले पुन्हा वळावीत, ही गोष्ट लहान नाही.

परंतु विक्रमाचा आनंद क्षणभर बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला असा की, २०१८ चा आकडा पुन्हा गाठण्यासाठी सात वर्षे का लागावीत? आणि दुसरा असा की, पाहुणे तेवढेच आले असताना पैसा मात्र कमी का यावा? या प्रश्नांची उत्तरे पर्यटन खात्याच्या रंगीत पत्रकांत सापडणार नाहीत. ती श्रीलंकेच्या राजकीय इतिहासात शोधावी लागतील. साठ वर्षांतील परदेशी पाहुण्यांच्या संख्येचा आलेख समोर ठेवला, तर तो पर्यटन खात्याच्या प्रगतिपुस्तकासारखा दिसत नाही. रुग्णाच्या उशाशी टांगलेल्या तापाच्या तक्त्यासारखा दिसतो. घरात शांतता असली की रेषा वर चढते, घर पेटले की ती कोसळते. समुद्रकिनारे तेच असतात, सिगिरियाचा कडा तोच असतो, कँडीचे दंतमंदिरही तेच असते. बदलते ते राज्यकर्त्यांचे वर्तन.

प्रथम पैशाचा हिशेब पाहावा. २०१८ साली या व्यवसायातून श्रीलंकेला सुमारे ४३८ कोटी डॉलर मिळाले होते. २०२५ साली, पाहुण्यांची संख्या अधिक असूनही, ही प्राप्ती सुमारे ३२० कोटी डॉलरच्या घरात राहिली. म्हणजे २०१८ मध्ये दर पाहुण्यामागे साधारण १,८७५ डॉलर देशात येत होते, ते आता १,३५० च्या आसपास आले आहेत. हे डॉलर कोणी फाटकावर बसून मोजत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. परतीच्या प्रवाशांच्या नमुना पाहणीतून सरासरी मुक्काम आणि सरासरी दैनिक खर्च काढायचा व त्याला एकूण संख्येने गुणायचे, अशी ही रीत आहे. तेव्हा तुलना करताना थोडे सावध असावे हे बरे. तथापि घट एवढी मोठी आहे की, केवळ मोजणीतील फरकाने तिचा उलगडा होत नाही. मुक्काम आखूड झाले आहेत. २०२२ मध्ये डॉलरचा भाव दोनशे रुपयांवरून साडेतीनशेच्या पलीकडे गेला, तेव्हा परदेशी माणसाला हे बेट एकाएकी स्वस्त झाले. संकटातून सावरण्यासाठी हॉटेलवाल्यांनी दर उतरवले आणि एकदा उतरलेला दर पुन्हा चढवणे कोणत्याही व्यापाऱ्याला सोपे जात नाही. थोडक्यात, श्रीलंकेने आपले पाहुणे परत मिळवले, परंतु आपली किंमत परत मिळवलेली नाही.

खुद्द ‘पाहुणा’ या शब्दातही बरेच काही दडलेले आहे. परक्या देशाचे पारपत्र घेऊन जो येतो आणि किमान एक रात्र राहतो, तो हिशेबात पाहुणा. मग तो वेलिगामाच्या लाटांवर फळी घेऊन खेळणारा तरुण असो, व्यापारासाठी आलेला दलाल असो किंवा आपत्तीनंतर मदतीसाठी धावून आलेला डॉक्टर असो. १९८३ नंतर जीव मुठीत धरून लंडनला वा टोरोंटोला गेलेला जाफन्याचा तामिळ माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला भेटायला येतो, तेव्हा त्याचीही नोंद परदेशी पाहुणा म्हणूनच होते. ज्या घरातून त्याला हाकलले, त्याच घराच्या भरभराटीच्या आकड्यात तो आज एकाने भर घालतो. श्रीलंकेच्या पर्यटनाच्या इतिहासावर याहून बोलके भाष्य क्वचितच सापडेल.

आलेख काय सांगतो

या व्यवसायाचा श्रीगणेशा १९६६ साली झाला. त्या वर्षी कायदा करून सिलोन पर्यटन मंडळ स्थापन करण्यात आले. तेव्हा वर्षाला जेमतेम १९ हजार परदेशी प्रवासी येत होते. पुढील दहा वर्षांची योजना आखली गेली, नैर्ऋत्य किनाऱ्यावर बेंटोटा आणि पूर्व किनाऱ्यावर पासिकुडा ही ठिकाणे विकसित करावयाची ठरली. जेफ्री बावा यांच्यासारख्या प्रतिभावान वास्तुशिल्पकाराने बेंटोटाला देशी कौलारू घडणीचे हॉटेल उभारून साऱ्या आशिया खंडाला एक नवा धडा घालून दिला. १९७१ साली जनता विमुक्ती पेरमुनाच्या तरुणांनी सशस्त्र उठाव केला, त्या वर्षी संख्या घटली. पण उठाव लवकर मोडला गेला आणि रेषा पुन्हा चढू लागली. १९७७ नंतर जयवर्धने यांच्या सरकारने अर्थव्यवस्थेची दारे उघडली. १९८२ साली पाहुण्यांची संख्या ४ लाख ७ हजारांवर पोहोचली. सोळा वर्षांत वीसपटीहून अधिक वाढ, असे यश त्या काळात आशियातील थोड्याच देशांच्या वाट्याला आले होते.

मग जुलै १९८३ उजाडला. जाफन्याजवळ तामिळ वाघांच्या हल्ल्यात तेरा सैनिक ठार झाले आणि त्याचा सूड कोलंबोतील निरपराध तामिळ नागरिकांवर उगवण्यात आला. मतदार याद्या हाती घेऊन जमाव घरे हुडकत फिरत होते. वेलिकडच्या तुरुंगात सरकारच्या ताब्यातील त्रेपन्न तामिळ कैद्यांची हत्या झाली. मृतांची संख्या काही शेकड्यांपासून तीन हजारांपर्यंत निरनिराळी सांगितली जाते. देशाचे अध्यक्ष चार दिवस राष्ट्राशी बोलले नाहीत. आणि बोलले तेव्हा ज्यांची घरे जळाली, त्यांच्यासाठी सहानुभूतीचा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. परदेशी पाहुणे त्या आठवड्यात कोलंबोच्या हॉटेलांच्या खिडक्यांतून धूर पाहत होते. त्यांनी घरी जाऊन काय सांगितले असेल, हे आकड्यांवरून कळते. १९८३ मध्ये संख्या ३ लाख ३७ हजारांवर आली, १९८५ मध्ये २ लाख ५७ हजारांवर, आणि १९८७ मध्ये १ लाख ८२ हजारांवर. उत्तरेत तामिळ वाघांचे युद्ध, भारताच्या शांतिसेनेचे आगमन आणि दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुनाचा दुसरा रक्तरंजित उठाव अशा त्रांगड्यात १९८९ पर्यंत ती तेथेच रखडली. १९८२ चा आकडा पुन्हा दिसण्यास १९९४ साल उजाडावे लागले. म्हणजे एका आठवड्याच्या दंगलीने आणि तिला मोकळे रान देणाऱ्या राजकारणाने एका उद्योगाची बारा वर्षे खाल्ली.

यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे याच कथेची पुनरावृत्ती आहे. १९९६ च्या जानेवारीत कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला आणि त्या वर्षी संख्या चार लाखांवरून तीन लाखांवर घसरली. जुलै २००१ मध्ये वाघांनी कटुनायकेच्या विमानतळावर हल्ला करून विमाने जाळली, पुन्हा घसरण झाली. फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली आणि पुढच्याच वर्षी पाहुण्यांनी प्रथमच पाच लाखांचा टप्पा ओलांडला. युद्धबंदी मोडली, तशी २००८ पर्यंत संख्या पुन्हा ४ लाख ३८ हजारांवर आली. म्हणजे १९८२ पासून २००९ पर्यंत सत्तावीस वर्षांत या देशाची निव्वळ प्रगती केवळ चाळीस हजार पाहुण्यांची. याच काळात जगाचे पर्यटन तिप्पट झाले. शेजारच्या मालदीवने १९७२ साली पहिले पाहुणे उतरवून घेतले होते. श्रीलंकेजवळ असलेले डोंगर, अरण्ये, चहाचे मळे, दोन हजार वर्षांची नगरे यांतले काहीही त्यांच्याजवळ नव्हते. २००९ साली त्या वाळूच्या ठिपक्यांवर साडेसहा लाख पाहुणे आले, श्रीलंकेत साडेचार लाखांहून कमी.

निसर्ग आणि माणूस

येथे एक आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे. पर्यटन हा मुळातच नाजूक धंदा आहे; वादळ, भूकंप, साथ यांपैकी कशानेही तो मोडतो; त्यासाठी राज्यकर्त्यांना का दोष द्यावा? हा आक्षेप श्रीलंकेच्याच अनुभवाने खोडून निघतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीच्या लाटांनी या बेटाचा दोन तृतीयांशाहून अधिक किनारा उद्ध्वस्त केला. तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गॉलकडे निघालेली प्रवाशांनी भरलेली आगगाडी पेरालियजवळ पाण्याने उलथवली. हॉटेले होती ती सारी किनाऱ्यावरच. असे असूनही २००५ सालची संख्या आदल्या वर्षापेक्षा अवघ्या तीन टक्क्यांनी कमी होती. त्यात मदतकार्यासाठी आलेल्यांचा भरणा होता हे खरे. परंतु मदतीसाठी माणसे येतात, हेच मुळी विश्वासाचे लक्षण आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने सहाशेहून अधिक बळी घेतले, डोंगराळ भागातील रस्ते व लोहमार्ग खचले. तरी त्यानंतरच्या डिसेंबरात अडीच लाखांहून अधिक पाहुणे आले आणि वर्षाचा विक्रम पुरा झाला.

याचा अर्थ स्पष्ट आहे. निसर्गाने केलेला घाव जग विसरते, किंबहुना त्या घावावर फुंकर घालायला येते. माणसाने माणसावर केलेला घाव ते लवकर विसरत नाही. वादळ पुन्हा येईलच असे नाही, हे प्रवाशाला ठाऊक असते. पण ज्या घरात भाऊ भावाच्या जिवावर उठतो, तेथे उद्या काय होईल याची हमी त्याला कोण देणार? २०२० च्या साथीने सगळ्या जगाचीच दारे बंद केली, तो अपवाद वेगळा. तेथे कोणा एका देशाकडे पाठ फिरवण्याचा प्रश्न नव्हता.

मे २००९ मध्ये युद्ध संपले. ते कसे संपले, शेवटच्या महिन्यांत मुल्लैतीवूच्या चिंचोळ्या किनारपट्टीत अडकलेल्या सामान्य तामिळ जनतेचे काय झाले, हा प्रश्न अजून निरुत्तर आहे. परंतु बंदुका थांबल्या. त्यानंतरच्या नऊ वर्षांत पाहुण्यांची संख्या पाचपट झाली. २०१२ मध्ये दहा लाख, २०१६ मध्ये वीस लाख, २०१८ मध्ये २३ लाख. परदेशांतून मजुरांनी पाठविलेला पैसा आणि तयार कपड्यांची निर्यात यांच्याखालोखाल परकीय चलनाचा तिसरा झरा म्हणून पर्यटनाची गणना होऊ लागली. मिरिस्सा, एल्ला, अरुगम बे अशा गावांतून हजारो कुटुंबांनी घरातली एक खोली पाहुण्यासाठी रंगवली, कर्ज काढून रिक्षा घेतली, मुलांना इंग्रजीच्या शिकवणीला घातले. प्रवासी मार्गदर्शिका छापणाऱ्या एका नामांकित प्रकाशनाने २०१९ सालासाठी श्रीलंकेला जगातील सर्वोत्तम देश ठरविले.

आणि त्याच २०१९ च्या २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, तीन चर्च आणि कोलंबोतील तीन मोठी हॉटेले यांत आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत चाळीसहून अधिक परदेशी होते. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात १ लाख २९ हजार पाहुणे आले होते, या मे महिन्यात ३८ हजारही आले नाहीत. दहशतवादी कोठेही हल्ला करू शकतात, त्यात सरकारचा काय दोष, असे या वेळीही म्हणता आले असते. पण भारताच्या गुप्तचर यंत्रणेने आधीच इशारा दिला होता, तो कागद कोलंबोत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यात विस्तव जात नव्हता आणि सुरक्षेच्या बैठकांना पंतप्रधानांना बोलावलेच जात नव्हते. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये माजी अध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना या हलगर्जीपणाबद्दल दहा कोटी रुपयांची भरपाई स्वतःच्या खिशातून देण्याचा आदेश दिला. राज्यकर्त्यांच्या आपसांतील भांडणाची किंमत इतक्या नेमकेपणाने ठरविली गेल्याची उदाहरणे फारशी नाहीत. वेलिगामात कर्ज काढून खोली बांधलेल्या कुटुंबाचे जे नुकसान झाले, त्याची भरपाई मात्र कोणत्याच न्यायालयाने ठरविलेली नाही.

सोन्याच्या अंड्याचा मोह

पाहुण्यांची रेषा वर चढत असताना राज्यकर्ते काय करीत होते, हेही पाहिले पाहिजे. येणारे डॉलर कायमचेच आहेत, असे धरून त्यांनी कर्जे उचलली. हंबनटोटा जिल्ह्यात मत्तला येथे, अध्यक्षांच्या नावाने, २०१३ च्या मार्चमध्ये दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडण्यात आला. सुमारे २१ कोटी डॉलर खर्चापैकी बहुतांश रक्कम चिनी कर्जाची होती. तेथे उतरायला विमाने आली नाहीत. जगातील सर्वात रिकामा विमानतळ अशी त्याची ख्याती झाली आणि तीच काय ती त्याची कमाई. डिसेंबर २०१९ मध्ये, ईस्टरच्या स्फोटांनी धंदा मंदावला असतानाच, नव्या सरकारने मूल्यवर्धित कर पंधरा टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर आणून तिजोरीचे दार सताड उघडे टाकले. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटकाऱ्यात बंदी घालून भात आणि चहा दोन्ही बुडविले. याच सुमारास साथीमुळे पाहुणे आटले होते. २०२१ मध्ये १ लाख ९४ हजारच आले. एप्रिल २०२२ मध्ये दिवाळे जाहीर झाले.

पर्यटन बुडाले म्हणून देश बुडाला, असे समर्थन पुढे राज्यकर्त्यांकडून केले गेले. हे सोयीचे आहे, खरे नाही. साथीच्या काळात मालदीवचे पाहुणे आटले, थायलंडचेही आटले. त्यांनी दिवाळे काढले नाही. परदेशी पाहुण्यांवर अवलंबून असणाऱ्या देशाने वाईट दिवसांसाठी चार पैसे बाजूला टाकायचे असतात, कारण वाईट दिवस येणार हे त्याच्याच इतिहासात लिहिलेले असते. पाऊस अधूनमधून दगा देतो हे ठाऊक असलेला शेतकरी कणगीतले बियाणे विकून तोरण बांधीत नाही. श्रीलंकेच्या राज्यकर्त्यांनी नेमके तेच केले.

येणाऱ्या पैशातला वाटा कोणाच्या हाती राहतो, हा यातलाच दुसरा प्रश्न. मोठ्या हॉटेलांत पाहुण्याच्या ताटातील लोणी, त्याच्या पेल्यातील मद्य, त्याला फिरविणारी मोटार आणि तिच्यातील इंधन बाहेरून येते; खोली ठरवून देणारी परदेशी मध्यस्थ कंपनी आपली दलाली आधीच कापून घेते. युद्धानंतर उत्तर आणि पूर्व भागांत सैन्यदलांनीच विश्रामगृहे चालवावयास घेतली. ज्यांच्या जमिनी युद्धात संरक्षणाच्या नावाखाली गेल्या, त्यांना आपल्याच किनाऱ्यावर परक्यासारखे उभे राहावे लागले. शांतता म्हणजे केवळ बंदुका थांबणे नव्हे. ज्या गावकऱ्याला पाहुण्याच्या येण्यातून काही मिळत नाही, त्याने त्या पाहुण्याला आपला का मानावे?

हा प्रश्न कोरड्या तत्त्वचर्चेचा नाही, हे अलीकडच्या तीन घटनांनी दाखविले. युक्रेनमधील युद्धानंतर रशियन आणि युक्रेनियन नागरिकांना श्रीलंकेत लांब मुदतीने राहू देण्यात आले. त्यांतील काहींनी किनाऱ्यावर परवान्याविना धंदे थाटले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उनावटुना येथे केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या एका मेजवानीची जाहिरात झळकली. स्वतःच्या गावात स्वतःलाच मज्जाव, या अपमानाने लोक खवळले आणि मेजवानी रद्द झाली. त्याच वर्षी प्रवेशपत्र देण्याचे काम सरकारने परदेशी खाजगी संस्थांकडे सोपविले. शुल्क वाढले, तक्रारी उठल्या आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही व्यवस्था स्थगित करावी लागली. ऑक्टोबरात अरुगम बे येथे इस्रायली प्रवाशांवर हल्ला होण्याचा संभव आहे, असा इशारा अमेरिकेच्या वकिलातीने दिला आणि मच्छीमारांचे ते लहानसे गाव पोलिसांनी भरून गेले. यांपैकी एकाही घटनेत रक्त सांडले नाही. पण पाहुणा आणि यजमान यांच्यातील विश्वास किती बारीक धाग्यावर लटकलेला असतो, हे मात्र दिसून आले.

भारताचा संबंध

या सर्व गोष्टींशी भारताचा संबंध आता पूर्वीपेक्षा निकटचा आहे. २०२४ साली श्रीलंकेत आलेल्या साडेवीस लाख पाहुण्यांपैकी सुमारे ४ लाख १७ हजार भारतीय होते. म्हणजे दर पाचांतला एक. दुसऱ्या क्रमांकावरील रशियाच्या हे दुप्पट आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरोपातील थंडीला कंटाळलेला जर्मन आणि इंग्रज प्रवासी या व्यवसायाचा कणा होता. तो हिवाळ्यात येई आणि दोन-दोन आठवडे राही. भारतीय प्रवासी शाळांच्या सुट्यांत, लग्नसराईत, लांबून जोडून आलेल्या रविवारी येतो आणि चार-पाच दिवसांत परततो. त्याच्यामुळे वर्षाचे रिकामे महिने भरतात, पण सरासरी मुक्काम आणि खर्च उतरतो. पाहुणे वाढूनही पैसा का वाढला नाही, याचे एक कारण येथे आहे. दोष कोणाचाच नाही. परंतु जो देश पाहुण्यांच्या केवळ डोक्यांची मोजदाद करील, त्याला हा फरक दिसणारच नाही.

दुसरीही एक बाजू आहे. युरोपीय प्रवासी दुसऱ्या बेटावर निघून जाऊ शकतो. भारताला शेजार बदलता येत नाही. १९८३ च्या वणव्याची झळ तामिळनाडूच्या किनाऱ्याला लागली, निर्वासितांच्या होड्या रामेश्वरला आल्या, आणि पुढे भारतीय जवान त्या भूमीवर धारातीर्थी पडले. २०२२ मध्ये दिवाळे निघाल्यावर इंधन आणि औषधे यांसाठी भारतालाच कर्जाऊ मदत द्यावी लागली. तेव्हा श्रीलंकेतील शांतता हा मुंबईहून सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या सोयीपुरता प्रश्न नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाले. ज्या जनता विमुक्ती पेरमुनाच्या दोन उठावांनी, १९७१ आणि १९८७ ते ८९ मध्ये, हा आलेख खाली खेचला होता, त्याच पक्षाचे ते नेते आहेत. आज तोच पक्ष विक्रमी आकडे जाहीर करीत आहे. इतिहासाचा हा फेरा विलक्षण खरा. पण तो आशादायकही आहे. घराला आग लावणे किती सोपे आणि ते पुन्हा बांधणे किती अवघड, हे या पक्षाइतके जवळून पाहिलेले दुसरे कोण असेल? नोव्हेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीला जाफना जिल्ह्यातील तामिळ मतदारांनीही सर्वाधिक जागा दिल्या. सिंहली बहुसंख्याकांच्या पाठिंब्यावर वाढलेल्या पक्षाला तामिळ मतदाराने दिलेला हा विश्वास कोणत्याही विमान कंपनीच्या नव्या फेरीपेक्षा मोलाचा आहे. सैन्याच्या ताब्यातील जमिनी परत करणे, प्रांतिक परिषदांच्या रखडलेल्या निवडणुका घेणे, बेपत्ता झालेल्यांच्या आयांना उत्तर देणे, ही कामे पर्यटन खात्याच्या कक्षेत येत नाहीत. तरीही या बेटाच्या पर्यटनाचे भवितव्य ज्या कामांवर ठरेल, ती हीच आहेत.

पुढच्या वर्षी पंचवीस लाख, त्यापुढे तीस लाख, अशी उद्दिष्टे जाहीर होत राहतील. ती गाठलीही जातील. परंतु १९८२ साली ४ लाख ७ हजारांचा आकडा पाहून असाच हर्ष झाला होता आणि २०१८ सालीही झाला होता. दोन्ही वेळा त्या आकड्याखाली जे धुमसत होते, त्याकडे पाहण्याची कोणालाही गरज वाटली नाही. पाहुणा घराची सजावट पाहून येतो. तो पुन्हा येतो की नाही, हे मात्र घरातली माणसे एकमेकांशी कशी वागतात यावर ठरते. श्रीलंकेने आपल्या यशाची मोजणी कटुनायकेच्या विमानतळावर न करता जाफना, बट्टिकलोआ आणि कँडीच्या रस्त्यांवर करावयास प्रारंभ केला, तर पुढचा विक्रम मोडण्यासाठी आणखी सात वर्षे वाट पाहावी लागणार नाही.